मधुमेह्याचे पाऊल

मधुमेहाचा इतिहास सांगू लागले की वक्ते बहुधा थेट टोरांटोला जातात. इन्शुलिनचा शोधच एवढा मोठा, की तसे होणे साहजिक आहे. मला मात्र आज आपल्यापुढे पावलाची हकीकत मांडायची आहे, आणि ती बरीच आधी, आपल्याच देशात सुरू होते.

चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वचिन्हे दिली आहेत. रोग्याच्या लघवीला लागणाऱ्या मुंग्या सर्वांना ठाऊक असतात. पण त्याच यादीत हातापायांची आग आणि बधिरता हीही आहेत. सुश्रुतसंहितेत उपचार सांगताना माणसामाणसांत भेद केला आहे. निर्धन, निराधार रोग्याने पायांत जोडा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर राहून शंभर योजने किंवा त्याहून जास्त चालावे, असे तेथे म्हटले आहे. श्रमाने हा रोग हटतो हे त्या काळी ओळखणे ही थोर बुद्धी होय. पण बधिर पावलाला अनवाणी चालवायचे! गरिबाच्या औषधात जोड्याचा खर्च तेवढा वाचला, असे माझ्यासारख्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

बधिरता घातक का, हे समजून घेतले पाहिजे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली की सर्वांत लांबचे, म्हणजे पावलांकडे जाणारे मज्जातंतू आधी निकामी होऊ लागतात. घाम आणणारे तंतूही त्यांतच जातात. मग कातडी कोरडी पडते, खाजते, टाचांना भेगा पडतात. जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते, तिची कंड वेगळीच. माणूस गजकर्णाचे मलम चोळतो, खाजवतो, आणि नखाने उघडलेल्या वाटेने जंतू आत शिरतात. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरून येत नाही. आमच्या एका सभासदाच्या चपलेतून खिळा वर आला होता. पाळीचे आठ तास तो त्यावर उभा राहिला. घरी फरशीवर रक्ताचे ठसे पाहून बायकोने विचारले, तेव्हा त्याला कळले. दुखले असते तर तो पाच मिनिटांत थांबला असता.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली. त्यापूर्वी असे रोगी थोड्याच काळात बेशुद्ध होऊन मरत. आता ते जगू लागले, आणि दीर्घकाळ जगलेल्यांचे पाय सडू लागले. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली या संकटावर लेख लिहून, हा दैवाचा कोप नव्हे, पावलांची निगा राखली तर तो टळतो, असे बजावले. पाय रोज धुणे व पाहणे हे ते रोग्यांना शिकवीत.

पुढचा धागा पुन्हा भारतात येतो. तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले, की मांस आपोआप झडत नाही. वेदना नसल्यामुळे माणूस भाजतो, कापतो, त्याच जखमेवर चालत राहतो आणि अवयव गमावतो. रात्री उंदीर बोटे कुरतडीत तरी कळत नसे. म्हणून रोग्यांना मांजरे दिली गेली. पावलांसाठी वेल्लोरला बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला निघाल्या. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, तेव्हा मधुमेह्यांच्या पायांवर तशीच क्षते आढळली. मग तेच जोडे, आणि तळव्यावर भार सारखा पसरवणारे तेच प्लास्टर, मधुमेह्यांच्याही कामी आले.

१९८९ साली इटलीत सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील सरकारांचे प्रतिनिधी व तज्ज्ञ जमले, आणि मधुमेहाने पाय कापण्याचे प्रमाण पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे ठरले.

आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने कामावर तुटलेल्या बोटाबोटाचा दर ठरवला होता. पण बधिर पावलाचा कामगार आला, की जखम कामावरची की रोगाची, यावरच महिने जातात. शिवाय कारखान्यातला लोखंडी टोपीचा बूट वरून पडणाऱ्या वजनापासून वाचवतो खरा, पण अरुंद असला तर मुकाट्याने बोट घासून काढतो. म्हणून आमच्या मागणीपत्रात आम्ही रुंद पंजाचा, मऊ तळव्याचा जोडा घातला आहे, आणि वर्षातून एकदा दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची तपासणी. धागा टोचलेला कळला नाही, तर पाऊल धोक्यात आहे असे समजायचे. तपासणी मालकांना मान्य झाली आहे. जोड्यावर अजून बोलणी चालू आहेत.