काचेत पूर्ण होणारं चित्र
(प्रस्तावना)

‘मुस्तफा’ नावाचा व्हिडिओ गेम कॅपकॉम या जपानी कंपनीने कधीच काढला नाही. 1993 साली त्यांनी काढला तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर बेतलेला. पार्लरमध्ये कॉइन टाकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी मात्र चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो उचलला आणि अख्ख्या गेमचं बारसं करून टाकलं. आज तोच गेम लॅपटॉपवर सुरू केला की पंचेचाळिशीतल्या माणसाची तक्रार ठरलेली असते: सगळं तेच आहे, पण हा तो नव्हे. ही तक्रार म्हातारपणाचा हळवेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्यामागे मोजता येतील अशी कारणं आहेत, आणि ती शोधून जुन्या पिक्चर ट्यूबचं दिसणं नव्या पडद्यावर पुन्हा उभं करणं हा आता एक रीतसर अभ्यासविषय झाला आहे. त्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्यांसाठी ही पानं.

सोप्या कारणापासून सुरुवात करू. त्या गेमचा बोर्ड आडवे 384 आणि उभे 224 ठिपके तयार करतो. जुन्या ट्यूबची काच 4 : 3 मापाची. हिशेब केला तर प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त, साधारण 7 : 9 असा पडतो. आजच्या पडद्याचे ठिपके चौकोनी, त्यामुळे तेच चित्र आहे तसं मांडलं की मुस्तफा आडवा सुटतो. याला विद्वत्ता लागत नाही, एक सेटिंग बदललं की काम होतं. पुढची कारणं इतकी सरळ नाहीत.

निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 1997 मध्ये ‘मेम’ हा एम्युलेटर आणला आणि आर्केडच्या जुन्या बोर्डांचा एकेक चिप सॉफ्टवेअरमध्ये जिवंत ठेवण्याचं काम सुरू झालं. 2016 पासून तो मुक्त परवान्यावर आहे. (गेमची मालकी अर्थातच ज्याची त्याच्याकडे राहते, हे विसरू नये.) या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बोर्डाचं काम कनेक्टरपाशी संपतं. तिथून बाहेर पडतो तो सिग्नल, चित्र नव्हे. चित्र पूर्ण होई काचेत, आणि ती काच चिपमध्ये कुठेच लिहिलेली नाही. म्हणजे केवळ रॉम, चिपमध्ये लिहिलेला गेम, जपणाऱ्याने निम्मी वस्तू जपली, असं माझं मत आहे.

काचेत काय होई? आसेगावसारख्या वऱ्हाडातल्या गावात हे समजावायला पेरणीची तिफण पुरते. रंगीत ट्यूबच्या मानेत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन इलेक्ट्रॉन झोत असतात. ते वरून खाली एकेक तास, म्हणजे ओळ, धरत जातात आणि काचेच्या आतल्या फॉस्फरवर उजेड पेरतात. तिफण धुऱ्यावर वळून उलट दिशेने परत येते. हे झोत मात्र पेरणी थांबवून रिकामेच मागे धावतात आणि पुढचा तास पुन्हा डावीकडूनच धरतात. कॅपकॉमच्या त्या बोर्डावर असे तास सेकंदाला 15,625 पडतात. आणि गंमत बघा, आपल्या दूरदर्शनच्या 625 ओळींच्या पॅल पद्धतीतही, सेकंदाला 25 चित्रं धरली, तर आकडा नेमका तेवढाच येतो. आडव्या वेगापुरता हा जपानी गेम आपल्या घरच्या टी.व्ही.ला परका नव्हता. फरक उभ्या वेगाचा: तिकडे झोत सेकंदाला सुमारे 59.6 वेळा वरून खाली येतात, इकडे 50 वेळा, म्हणजे एका चित्राला दोन फेऱ्या.

दूरदर्शनच्या चित्रात एका फेरीच्या ओळींच्या मधोमध दुसऱ्या फेरीच्या ओळी येतात. जुने गेम तसं करत नाहीत. प्रत्येक फेरीत त्याच जागी तीच ओळ पडते आणि मधली फट काळी राहते. हीच ती प्रसिद्ध स्कॅनलाइन. नव्या माणसाचा हात इथेच हमखास फसतो: चित्रावर सारख्या जाडीच्या काळ्या रेघा ओढतो आणि काम झालं म्हणतो. खऱ्या ट्यूबवर ओळीची जाडी उजेडाप्रमाणे बदलते. झोत तीव्र झाला की तो पसरतो, म्हणून पांढऱ्या ढगात फट जवळपास बुजते आणि अंधाऱ्या गुहेत रुंद दिसते. ट्यूबचं दिसणं पडद्यावर रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात. टिमथी लॉटिस यांचा शेडर असो वा ‘सीआरटी-रॉयल’, चांगल्या शेडरचा कस इथे लागतो. शिवाय हे गणित उजेडाच्या खऱ्या प्रमाणात करावं लागतं. साठवलेल्या रंगांच्या आकड्यांवर थेट केलं तर चित्र मळकट येतं. 4के पडद्यावर गेमच्या एका ओळीला साडेनऊच्या आसपास ओळी मिळतात, तेव्हा कुठे तो चढउतार नीट रेखता येतो.

काचेमागच्या जाळीबद्दल थोडक्यात. कुठे गोल छिद्रांची शॅडो मास्क, कुठे उभ्या खाचांची, तर सोनीच्या 1968 च्या ट्रिनिट्रॉनमध्ये उभ्या तारांची. प्रत्येकीचं पोत वेगळं, आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून भांडतो.

घरच्या टी.व्ही. गेमची गोष्ट आणखी वेगळी. पार्लरच्या मशीनमध्ये तिन्ही रंगांचे सिग्नल वेगवेगळ्या तारांनी येत. घरी सगळं एका तारेत कोंबून अँटेनाच्या सॉकेटमध्ये घातलेलं. त्यात रंग शेजारच्या ठिपक्यात उतरत, आणि हुशार चित्रकार त्याचाच फायदा घेत. 1991 च्या ‘सॉनिक’मधला धबधबा म्हणजे उभ्या पट्ट्या, एक आड एक. तारेत त्या एकमेकींत मिसळत आणि आरपार पाणी दिसे. स्वच्छ डिजिटल चित्रात उरतात त्या पट्ट्याच.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: नक्कल करायची ती कोणत्या ट्यूबची? जगभरचे शौकीन स्टुडिओतल्या सोनी मॉनिटरचा आदर्श समोर ठेवतात. आपल्याकडे कुणी हा गेम तसल्या मॉनिटरवर पाहिला? आपण पाहिली ती दिवसभर तापलेली, लाल झोताची गन कमजोर झालेली, कोपऱ्यात रंग फाकलेली ट्यूब. व्होल्टेज पडलं की स्टॅबिलायझर नसलेल्या सेटवर चित्र चारी बाजूंनी आखडे. उलट स्फोटाचा पांढरा झोत आला की ट्यूबचा वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब क्षणभर ढासळे, इलेक्ट्रॉन मंदावत, जास्त वळत, आणि चित्र किंचित फुगे. हा दोष खरा, पण तो खेळणाऱ्याच्या अनुभवाचा भागही होता. परदेशी शेडरमध्ये यातल्या काही गोष्टींची बटनं आहेत. ती किती फिरवायची हे सांगणारी माणसं मात्र इथे आहेत. महाराष्ट्रातल्या चितेगावात टी.व्ही. बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तोही जग सपाट पडद्याकडे वळत असताना. इतक्या उशिरापर्यंत ट्यूबवर विश्वास ठेवणाऱ्या मुलखात तिच्या वागण्याची नोंद कुणी ठेवू नये, हे मला पटत नाही.

हालचालीचा प्रश्न अलीकडेच सुटू लागला आहे. फॉस्फर क्षणभर पेटून विझतो. एलसीडी मात्र एक चित्र पुढचं येईपर्यंत, साठाच्या वेगाला सुमारे 16.7 मिलिसेकंद, धरून ठेवतो आणि धावणारी आकृती डोळ्याला फरफटल्यासारखी दिसते. 2024 च्या डिसेंबरात ‘ब्लर बस्टर्स’ या संकेतस्थळाचे मार्क रेजॉन आणि लॉटिस यांनी एक शेडर खुला केला. तो 240 हर्ट्झसारख्या वेगवान पडद्यावर झोताची वरून खाली येणारी चाल आणि फॉस्फरचं विझणं दोन्ही उभं करतो. टी.व्ही.कडे रोखून गेममधली बदकं मारायची बंदूक मात्र याने परत येणार नाही. तिला ट्यूबचाच उजेड हवा.

हा अभ्यास करायला मुंबई-पुण्यात असायला हवं असं नाही.   ‘मुस्तफा’च्या काळचे टी.व्ही. दुरुस्त केलेले हात अजून तालुक्याच्या गावांत भेटतात. त्यांना एलओटी, योक, डिगॉसिंग कॉइल हे सेटचे भाग पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. वाचकांना विनंती एवढीच: अशा मेकॅनिककडे जा, कोणत्या सेटमध्ये कोणता रंग आधी उतरे हे विचारा, लिहून घ्या. चालू ट्यूब सापडली तर कॅमेऱ्याचा शटर झोतांच्या एका फेरीइतका वेळ उघडा ठेवून जवळून फोटो काढा आणि बाजूला फूटपट्टी धरा. भंगारात द्यायची झाली तर ई-कचऱ्यातच द्या, त्या काचेत शिसं असतं. आणि मागचं झाकण मेकॅनिकलाच उघडू द्या. बंद केल्यावरही ट्यूब बराच वेळ चार्ज धरून ठेवते.