तगाई ते सन्मान निधी: पुणे जिल्ह्यातील शेती आणि सरकारी पैसा

बी, बैल किंवा विहिरीसाठी सरकारने शेतकऱ्याला दिलेली उचल म्हणजे तगाई. पुणे जिल्ह्यात ही रीत इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतला उजाड पुणे परगणा पुन्हा लागवडीला आणताना दादोजी कोंडदेवांनी शेतसारा सुरुवातीला हलका ठेवून दरसाल चढवत नेला. शिवाजी महाराजांचे 1676 चे पत्र प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले, म्हणजे कोकणातले. पण राज्याचे धोरण त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल, नांगर, दाणा नाही, त्याला बैलांसाठी पैसा व पोटासाठी धान्य द्यावे. व्याज न घेता फक्त मुद्दल, तेही ऐपत येईल तसे हळूहळू वसूल करावे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत (लारी म्हणजे तेव्हाचे चांदीचे नाणे) खर्च झाला तरी चालेल, असा तो हुकूम आहे. मदत कोणाला, हे येथे शेती कसण्याच्या ताकदीवर ठरते. पेशवाईतही तगाई चालू राहिली.

इंग्रजी अमलात आधी सारा आला, मदत फार उशिरा. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांच्या जमीन पाहणीतील जड आकारणीने इंदापूर भागातील जमिनी ओस पडल्या, म्हणून 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना नवे, हलके दर बसवावे लागले. तीस वर्षांनी फेरआकारणीत सारा पुन्हा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरले. सारा रोख आणि ठरल्या दिवशी भरायचा, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारी गेला. 12 मे 1875 रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि उठाव आसपासच्या गावांत पसरला. चौकशी आयोगानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने कोर्टात संरक्षण दिले. पेरणीला पैसा मात्र दिला नाही.

पैशाची सोय झाली ती 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने आणि 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्याने. पहिला विहिरी व बांधबंदिस्तीसाठी, दुसरा बी-बैलांसाठी. अर्ज मामलेदार कचेरीत, तारण जमिनीचे किंवा जामीनदाराचे, थकबाकीची वसुली साऱ्यासारखी. ज्याची पेरणी आठवड्यावर आली आहे, त्याला कचेरीची ही वाट परवडणारी नव्हती, आणि पावसाने दगा दिला की हप्ता चुकणारच. न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली होती. न्यायमूर्ती रानडे तिच्या बाजूचे होते आणि हिंदुस्थान सरकारनेही तिची शिफारस केली, पण लंडनमध्ये ती नाकारली गेली. जिल्ह्याची एक मोठी संधी तेथे गेली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 मध्ये झाला. पुढे पीककर्ज सोसायटी आणि जिल्हा बँकेतून मिळू लागले, आणि तगाई मागे पडली.

चाकणजवळ आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी 1980 च्या कांदा आंदोलनातून या सगळ्यालाच उलटा प्रश्न केला. सरकार धोरणाने भाव पाडते आणि मग मदत देते. शेतकऱ्याला मदतीऐवजी रास्त भाव हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते आजही खोडून निघालेले नाही.

सध्याची मदत परतफेडीची नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेतून शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात मिळतात; राज्याने 2023 मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढीच भर घातली. कचेरीचे हेलपाटे कमी झाले, ही मोठी सुधारणा आहे. परंतु पात्रता जमिनीच्या मालकीवर ठरते, आणि त्यासाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरलेली आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही असा वाट्याने किंवा खंडाने जमीन कसणारा माणूस या दोन्ही योजनांच्या बाहेर राहतो. 1676 च्या हुकुमाने ज्याला मदत द्यायला सांगितली होती, तो असाच कसणारा शेतकरी.