उभ्या पिकातील जमिनीच्या ओलाव्याचे मोजमाप

वाराणसी येथील पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. प्रत्यक्षात दिसते ती एकटी गंगाच. पावसाळ्यात तिचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागले की राजघाट येथील केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रातील नोंदींकडे संपूर्ण शहराचे लक्ष लागते. तेथे ७०.२६२ मीटर ही इशारा पातळी, तर ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी ठरविण्यात आली आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे.

नदीच्या पाण्याचा हिशेब असा मिलिमीटरपर्यंत ठेवला जातो. मात्र ज्या पाण्यावर पीक उभे असते, त्या मातीतील ओलाव्याचे मोजमाप आजही बहुतेक ठिकाणी अंदाजानेच होते. पाणी कधी द्यावे, किती द्यावे आणि कधी थांबवावे, हे तीन निर्णय या मोजमापावर अवलंबून असतात. अंदाज एका बाजूला चुकला तर पीक वाळते, आणि दुसऱ्या बाजूला चुकला तर पाणी, वीज व खत वाया जाऊन कालांतराने जमीनही नापीक होते.

ओलावा म्हणजे नेमके काय?

भरपूर पाऊस किंवा सिंचन झाल्यानंतर मातीच्या मोठ्या पोकळ्यांतील पाणी एक ते तीन दिवसांत खाली निचरून जाते. लहान पोकळ्यांत जे पाणी टिकून राहते, ती त्या जमिनीची जलधारणाशक्ती होय. शेतकरी ज्या स्थितीला वाफसा म्हणतात, ती साधारणपणे हीच. त्यानंतर पिकाची मुळे पाणी शोषत राहतात. एका मर्यादेनंतर उरलेले पाणी मातीचे कण इतके घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही आणि पीक कायमचे सुकते. ही मर्यादा साधारणपणे १५ बार ताणाला येते. जलधारणाशक्ती आणि ही मर्यादा यांमधील पाणी म्हणजेच पिकाला उपलब्ध असलेला ओलावा.

हा साठा जमिनीच्या पोतावर अवलंबून असतो. रेताड जमिनीत एक मीटर खोलीत सुमारे ६० ते १०० मिलिमीटर उपलब्ध पाणी मावते. पोयट्याच्या जमिनीत ते सुमारे १५० मिलिमीटर, तर भारी काळ्या जमिनीत २०० मिलिमीटरच्या आसपास असते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, हे लक्षात घेतल्यास या फरकाचे महत्त्व कळते.

हाताने, तराजूने आणि उपकरणाने

सर्वांत जुनी पद्धत हाताची आहे. मुळांच्या खोलीवरील माती मुठीत दाबून तिचा गोळा होतो का, तो किती सहज फुटतो आणि तळहाताला ओल लागते का, हे पाहिले जाते. अनुभवी शेतकऱ्याच्या हातात ही पद्धत उपयुक्त ठरते. परंतु पृष्ठभागावरची माती पाहून केलेला अंदाज फसवा असतो. वरचा थर वाळलेला असतानाही खाली पुरेशी ओल असू शकते. याउलट हलक्या सरीनंतर वरची माती भिजते आणि मुळांचा थर कोरडाच राहतो.

प्रयोगशाळेतील प्रमाण पद्धत वजनाची आहे. मातीचा नमुना वजन करून १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत सुमारे २४ तास वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. १५० ग्रॅम ओली माती वाळून १२५ ग्रॅम भरली, तर वजनानुसार ओलावा २० टक्के होतो. त्या मातीची घनता दर घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम असल्यास आकारमानानुसार ओलावा २६ टक्के होतो. म्हणजेच वरच्या ३० सेंटीमीटर थरात ७८ मिलिमीटर पाणी आहे. ही पद्धत अचूक असली तरी वेळखाऊ आहे. त्यामुळे इतर उपकरणे तपासून घेण्यासाठी ती प्रामुख्याने वापरली जाते.

शेतात बसविण्याच्या उपकरणांत टेन्शिओमीटर हे साधे व खात्रीचे मानले जाते. पाण्याने भरलेल्या नळीच्या टोकाला सच्छिद्र चिनी मातीचा पेला असतो. माती कोरडी होऊ लागली की ती पेल्यातून पाणी ओढते आणि नळीवरील मापक हा ताण दाखवितो. मात्र सुमारे ८० सेंटीबारच्या पुढे त्यात हवा शिरते व वाचन मिळत नाही. म्हणून ते भाजीपाला, फळबागा आणि हलक्या ते मध्यम जमिनींना अधिक सोयीचे आहे. अधिक कोरड्या स्थितीसाठी जिप्समचे ठोकळे वापरतात. त्यांतील विद्युतरोध ओलाव्यानुसार बदलतो.

आधुनिक संवेदक मातीच्या विद्युत गुणधर्मावर चालतात. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८०, हवेचा १, तर कोरड्या मातीचा ३ ते ५ असतो. त्यामुळे ओलावा थोडाही वाढला तरी मातीचे एकूण मूल्य ठळकपणे बदलते. कॅनडातील टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांनी १९८० मध्ये या संबंधाचे समीकरण मांडले आणि त्यावर आधारलेली मोजमापे जगभर रूढ झाली.

भारतीय शेतकऱ्यासाठी यापेक्षा सोपा पर्याय कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने विकसित केला आहे. या ओलावा दर्शकाच्या सळ्या मातीत खुपसल्या की रंगीत दिवा लागतो. निळा दिवा भरपूर ओलावा, हिरवा पुरेसा ओलावा, नारिंगी कमी ओलावा आणि लाल अत्यंत कमी ओलावा दर्शवितो. आकडे वाचण्याची गरज नसल्याने शेतात काम करणाऱ्या कोणालाही तो वापरता येतो.

वाराणसीची भातशेती आणि छिद्रांची नळी

वाराणसी परिसरातील गाळाच्या जमिनीत खरिपात भात आणि रब्बीत गहू हे पीकचक्र प्रचलित आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या दक्षिण आशिया प्रादेशिक केंद्राचे उद्घाटन २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात झाले. भातखाचरात सतत पाणी उभे ठेवणे आवश्यक नाही, हे या संस्थेच्या संशोधनातून पुढे आलेले एक महत्त्वाचे सूत्र आहे.

त्यासाठी सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची, खालच्या भागाला छिद्रे पाडलेली नळी खाचरात अर्धी पुरतात व तिच्या आतील माती काढून टाकतात. खाचरातील पाणी दिसेनासे झाल्यावरही नळीत ते किती खोल आहे हे दिसते. पातळी जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर गेली की पुन्हा सुमारे ५ सेंटीमीटर पाणी द्यावे, असा नियम आहे. लावणीनंतरचे पहिले एक-दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आधी व नंतर एक आठवडा मात्र पाणी उभे ठेवावे लागते. या पद्धतीने उत्पादन न घटता ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते आणि खाचरातून होणारे मिथेन वायूचे उत्सर्जनही कमी होते. गव्हामध्ये पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी येणारी मुकुटमुळे फुटण्याची अवस्था सर्वांत नाजूक असते. त्या वेळी ओल कमी पडल्यास नंतर कितीही पाणी दिले तरी नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही.

महाराष्ट्रातील प्रश्न वेगळे

महाराष्ट्रात ओलाव्याचा प्रश्न पेरणीपासूनच सुरू होतो. सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग व कृषी विद्यापीठे देत असतात. पहिल्याच सरीवर पेरणी केल्यानंतर पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते आणि बियाणे व खतांचा खर्च दुप्पट होतो.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड या भागांतील रब्बी ज्वारी तर प्रामुख्याने जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाणांची शिफारस केली आहे. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, तर भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण सुचविले जातात. काळी जमीन वाळताना तडकते आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते. त्यासाठी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करून भेगा बुजविल्या जातात. आठव्या आठवड्यातील कोळपणी दातेरी कोळप्याने करतात. एकच संरक्षित पाणी देणे शक्य असेल, तर पीक पोटरीत येण्याच्या सुमारास, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी, ते देणे फायद्याचे ठरते.

उसाच्या पट्ट्यात नेमकी उलट स्थिती आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा याच नावाची नदी वाहते. तिच्या आणि कृष्णेच्या काठावरील भारी जमिनींत वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक पाणी दिल्याने व निचरा अपुरा पडल्याने मोठे क्षेत्र पाणथळ व क्षारपड झाले आहे. अशा जमिनी सुधारण्यासाठी भूमिगत निचरा नळ्या टाकाव्या लागतात आणि तो खर्च लहान शेतकऱ्याला पेलणारा नसतो. ओलावा मोजून पाणी थांबविणे हा त्याहून कितीतरी स्वस्त उपाय आहे.

आकाशातून पाहणी

अमेरिकेचा स्मॅप हा उपग्रह २०१५ पासून जगभरातील जमिनीचा ओलावा मोजत आहे. भारताने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हा रडार उपग्रह, तर ३० जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या सहकार्याने निसार उपग्रह अवकाशात सोडला. ढगाळ हवेतही पाहणी करता येणे ही या उपग्रहांची जमेची बाजू आहे. तथापि त्यांना प्रामुख्याने वरच्या सुमारे ५ सेंटीमीटर थराची ओल कळते. त्यामुळे तालुका किंवा जिल्हा पातळीवर दुष्काळाचा अंदाज घेण्यास ते उपयुक्त असले, तरी एखाद्या शेतात पाणी द्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी प्रत्यक्ष मुळांजवळच मोजावे लागते.

मोजमाप करताना

संवेदक किमान दोन खोलींवर बसवावेत. एक मुळांच्या वरच्या भागात, साधारणपणे १५ ते २० सेंटीमीटरवर, आणि दुसरा ४५ सेंटीमीटरच्या आसपास असावा. वरचा संवेदक पाणी कधी द्यायचे ते सांगतो. खालच्या संवेदकातील ओलावा प्रत्येक पाळीनंतर वाढतच असेल, तर पाणी जास्त होत आहे असे समजावे. बांधाजवळ, पाटाच्या तोंडाशी किंवा सखल जागी उपकरण बसवू नये. माती आणि संवेदक यांत पोकळी राहिल्यास वाचन चुकते. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत याची विशेष काळजी घ्यावी लागते.

उपकरण नसले तरी जमाखर्चाची वही ठेवता येते. समजा, जमीन ६० सेंटीमीटर खोल असून तिच्यात मीटरला १५० मिलिमीटर पाणी मावते. म्हणजे एकूण उपलब्ध साठा ९० मिलिमीटर झाला. त्यातील निम्मा, म्हणजे ४५ मिलिमीटर, संपल्यावर पाणी द्यायचे ठरविले आणि पिकाची गरज दररोज ५ मिलिमीटर असेल, तर दोन पाळ्यांतील अंतर ९ दिवसांचे होते. साठा काहीसा खर्च झालेला असताना २० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला, तर पुढची पाळी ४ दिवस लांबविता येते.

अशी नोंद सलग दोन-तीन हंगाम ठेवल्यास आपल्या शेताचा कोणता भाग लवकर वाळतो आणि कोणत्या भागात पाणी साचते, हे शेतकऱ्याला आकड्यांतून समजते. विहिरीत दोनच पाळ्यांचे पाणी उरलेले असते, तेव्हा ते कोणत्या भागाला आणि कोणत्या दिवशी द्यावे, हा निर्णय या नोंदींच्या आधारे घेता येतो.