बिऱ्हाड चाकांवर

अमेरिकेतली मराठी मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही भाड्यानं घेतात. दोन-तीन कुटुंबं नाहीतर कॉलेजचे जुने दोस्त एकत्र येतात आणि यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी असा बेत ठरतो. गाडीतच बिछाने, गाडीतच शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. सकाळी पोहे परतता परतता खिडकीतून कडे आणि धबधबे दिसतात. या सहलीत एक काम मात्र कोणालाच नको असतं. दोन-तीन दिवसांनी गाडीच्या पोटातली टाकी रिकामी करावी लागते. कोणीतरी हातमोजे चढवतो, तीन इंच व्यासाची नळी एका टोकानं गाडीला आणि दुसऱ्या टोकानं जमिनीतल्या तोंडाला जोडतो. आधी मैल्याची काळी टाकी सोडायची आणि मग आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याची करडी, म्हणजे त्या पाण्यानं नळी आतून धुऊन निघते.

या गाडीचा इतिहास मला त्या नळीच्या बाजूनं वाचावासा वाटतो. रानात घरासारखं राहायचं तर घरात जी कामं कोणीतरी उरकतं, ती तिथेही कोणीतरी उरकावीच लागतात. ती कोणी करायची याचं उत्तर जसं बदललं, तशी ही गाडी घडत गेली.

चाकांवर संसार थाटण्याची रीत युरोपात पाहायला मिळाली ती रोमा लोकांच्या घोडागाड्यांत. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले होते. इंग्लंडमधले रोमा बराच काळ तंबूतच राहत आणि रंगीत, कोरीव लाकडी गाड्या त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात आल्या. त्यांच्यासाठी हे रोजचं जगणं होतं. हौसेसाठी तशी गाडी बांधून घेण्याची कल्पना विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थांची. ते नौदलातले निवृत्त डॉक्टर होते आणि मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून अठरा फूट लांब, दोन टन वजनाची गाडी करून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’. दोन घोडे जुंपून ते इंग्लंडच्या दक्षिणेतून पार स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसपर्यंत गेले. गाडीत महोगनीचं काम होतं, पुस्तकं होती, तेलाची शेगडी होती. सोबत एक कुत्रा, एक काकाकुवा, घोड्यांसाठी कोचमन आणि बाकी सगळ्यासाठी एक नोकर. तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येतंय का हे बघणंही त्या नोकराकडेच होतं. स्टेबल्स यांचं प्रवासवर्णन गाजलं आणि इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांना हा छंद लागला. १९०७ मध्ये तिथे अशा गाड्यांच्या हौशींचा कॅराव्हॅन क्लब निघाला.

मोटार आल्यावर घोडे गेले, नोकर राहिले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीनं ‘टुरिंग लँडो’ ही गाडी मांडली. मागच्या सीटचा पलंग होई, शोफरच्या पाठीमागून हात धुण्याचं भांडं खाली उघडे, आणि शौचासाठी पॉट होता. मालकानं शोफरशी बोलावं म्हणून टेलिफोनही होता. पॉट कोण रिकामा करणार हे कंपनीला सांगावं लागलं नसेल. १९१५ मध्ये रोलँड काँक्लिन या उद्योजकानं स्वतःच्या बसच्या कारखान्यात पंचवीस फूट लांब, आठ टनांची ‘जिप्सी व्हॅन’ बांधली आणि कुटुंबाला घेऊन न्यूयॉर्कजवळून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला. स्वयंपाकघर, रेल्वेसारखे बर्थ, विजेचे दिवे, फोनोग्राफ, छतावर बाग असा सगळा थाट होता. वर्तमानपत्रांना तिचं मोठं अप्रूप वाटलं, पण अशी गाडी सामान्य माणसाच्या स्वप्नातही बसण्यासारखी नव्हती.

मित्रांनी मिळून मोटारीनं डोंगर-जंगल बघायला जायचं आणि मुक्काम उघड्यावर करायचा, ही चाल लोकांच्या मनात रुजवली ती चौघांनी. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज. स्वतःला ते ‘व्हॅगाबाँड्स’, म्हणजे भटके, म्हणवत. बरोज यांचा जन्म १८३७ चा, हडसन नदीच्या खोऱ्यात पक्षी न्याहाळण्यात आयुष्य गेलेलं, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. मोटार निसर्गाची शत्रू आहे असं त्यांचं मत होतं. फोर्ड स्वतः पक्ष्यांचे वेडे आणि बरोज यांचे वाचक. त्यांनी म्हाताऱ्याला आपल्या कारखान्यातली एक मॉडेल टी मोटार भेट पाठवली. पंचाहत्तरीत बरोज ती चालवायला शिकले. एकदा ती त्यांच्या हातून कोठाराची भिंत फोडून बाहेर आली, तरी गाडी त्यांनी सोडली नाही. मैत्री जुळली ती तिथून.

१९१४ मध्ये फोर्ड, एडिसन आणि बरोज फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत हिंडले. पुढे फायरस्टोन आले आणि १९२४ पर्यंत बहुतेक दर उन्हाळ्यात मोटारींचा तांडा निघत राहिला. ॲडिराँडॅक डोंगर, व्हर्माँट, स्मोकी पर्वत, मिशिगनची जंगलं त्यांनी पालथी घातली. पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एडिसन होकायंत्र घेऊन बसत आणि डांबरी रस्ता टाळून गाड्या मुद्दाम आडरस्त्याला घालत. दुपारी झाडाखाली कपड्यांनिशीच आडवे होऊन झोपत. फोर्डना ओढ्याकाठी उतरलं की पाण्याला जोर किती, यावर गिरणी चालेल का, याचा हिशोब मांडायची सवय. लाकडं फोडण्याच्या, झाडावर चढण्याच्या पैजा लागत. १९१८ च्या सहलीत पेनसिल्व्हेनियात त्यांच्या मोठ्या पॅकार्ड गाडीचा पंखा तुटून रेडिएटरमध्ये घुसला. गावातल्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले. फोर्डनी कोट काढला, तुटल्या पात्याला भोकं पाडली, तारेनं ते शिवलं आणि तांडा पुढे निघाला. बरोज यांनी हा प्रसंग मोठ्या कौतुकानं लिहून ठेवला आहे. जगातला सर्वांत मोठा मोटार कारखानदार रस्त्याकडेला हात काळे करून बसला आहे आणि शेजारी ऐंशी वर्षांचा पक्षिमित्र बघतो आहे, हे चित्र मला फार आवडतं.

पण ‘भटके’ या नावावर जाऊन चालणार नाही. प्रत्येकाला स्वतंत्र तंबू आणि त्यावर त्याचं नाव. तंबूत एडिसनच्या बॅटऱ्यांवर चालणारे दिवे. जेवायला वीसेक माणसं बसतील एवढं घडीचं गोल टेबल, मधली फळी फिरती, म्हणजे भांडं हाताशी ओढून घ्यायचं. एका ट्रकवर खास स्वयंपाकघर बांधलेलं होतं. त्यात पेट्रोलवर चालणारी शेगडी, बर्फाची पेटी आणि सामानाचे खण होते. स्वयंपाकी वेगळा, ड्रायव्हर वेगळे, तंबू ठोकणारे वेगळे. आजच्या आरव्हीची मांडणी त्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये मला स्पष्ट दिसते. फक्त ट्रक आणि मालक अजून वेगवेगळे होते. फोर्ड कंपनीचे कॅमेरावाले सोबत असत, चित्रफिती थिएटरांतून देशभर दिसत. १९२१ मध्ये मेरीलँडच्या तळावर खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग मुक्कामाला आले. त्याच वर्षी मार्चमध्ये बरोज वारले होते. पुढे बघ्यांची गर्दी इतकी वाढली की सहलींतली मजा सरली.

ज्यांनी त्या चित्रफिती पाहिल्या त्यांच्याकडे स्वयंपाकी नव्हता, पण मॉडेल टी होती. यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान १८७२ चं, तरी तिथे मोटारींना दार उघडलं ते १९१५ च्या ऑगस्टमध्ये. दोन वर्षांत तिथल्या प्रवासी घोडागाड्या बंद झाल्या. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांनी मोटारवाल्यांचं मनापासून स्वागत केलं. लोक आले तर उद्यानांना पाठिंबा मिळेल, हा त्यांचा हिशोब होता. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची संघटना निघाली. सभासदाची खूण म्हणजे रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा. मोटारीला तंबू बांधायचा, डबाबंद अन्न गरम करायचं आणि पुढे निघायचं.

या तंबूचं छप्पर पुढे पक्कं झालं ते पावसामुळे. आर्थर शर्मन हे डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ. १९२९ च्या सुमारास त्यांनी सहलीसाठी मोटारीमागे ओढायचा तंबूचा ट्रेलर घेतला. पाच मिनिटांत उभा राहतो अशी जाहिरात होती. पहिल्याच मुक्कामाला वादळी पाऊस आला, तंबू काही उभा राहीना आणि बायको-मुलांसह सगळे चिंब झाले. शर्मननी परत येऊन सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी पक्क्या भिंतींची पेटीच करवली. मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हटलं, लोक चौकशीला येऊ लागले आणि काही वर्षांत शर्मन देशातले सर्वांत मोठे ट्रेलर कारखानदार झाले. वॉली बायम यांचा ॲल्युमिनियमचा चकचकीत ट्रेलर ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १९३६ चा. याच एअरस्ट्रीमवाल्यांचा एक तांडा १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून निघून भारतातून लिस्बनपर्यंत गेला.

गाडीची गोष्ट इथवर बहुतेक पुस्तकांत सापडते. एमिलियो माइनेके यांचं नाव मात्र या गोष्टीत क्वचित येतं, आणि मला ते फोर्डइतकंच महत्त्वाचं वाटतं. ते कॅलिफोर्नियात सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. विसाच्या दशकात रेडवूड आणि सेक्वोयाच्या जंगलांत लोक मोटार थेट बुंध्यापर्यंत नेत, वाटेल तिथे तंबू ठोकत. माइनेके यांनी खाली वाकून माती पाहिली. या महाकाय झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतात. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली गेली की तिच्यात ना पाणी मुरतं ना हवा. आधी खालची झुडपं जातात. झाड मात्र आणखी काही वर्षं उभं असतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. शेंडा वाळू लागतो तेव्हा वेळ गेलेली असते.

त्यांनी लोकांना येऊ नका म्हटलं नाही. १९३२ मध्ये त्यांनी तळ आखायची पद्धत मांडली. एकेरी वाहतुकीचा, वळसा घेऊन परत येणारा अरुंद रस्ता. त्याला तिरक्या फुटणाऱ्या खाचा, एका खाचेत एकच गाडी. बाजूला मोठे दगड नाहीतर ओंडके, म्हणजे चाक आत जाणारच नाही. टेबल आणि चूल जमिनीत पक्की रोवलेली. टेबल हलत नाही म्हणून माणसं तिथेच वावरतात, आणि तुडवली जाते ती तेवढीच जमीन. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात १९३३ नंतर सरकारी कामावर घेतलेल्या बेकार तरुणांनी असे तळ देशभर उभे केले. आज यलोस्टोनला किंवा योसेमिटीला रात्री टॉर्चच्या उजेडात आपल्या नंबरचा खांब शोधत आपण जो वळसा घालतो, तो माइनेके यांनी आखलेला आहे. ती खाच, ते न हलणारं टेबल, ती चूल, सगळं त्यांचं.

ट्रेलर आणि मोटार एक झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मिशिगनच्या रेमंड फ्रँक यांनी १९५८ मध्ये कुटुंबासाठी अशी गाडी बांधली आणि तिला ‘मोटर होम’ म्हटलं. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीनं १९६६ पासून अशा गाड्या एकामागोमाग एक काढायला सुरुवात केली आणि किमती खाली आल्या. साठच्या दशकापर्यंत गाडीतल्या शौचालयाखाली बंद टाकी आली, तळांवर ती रिकामी करायच्या जागा आल्या. नोकराचं काम आता नळीनं आणि नळी धरणाऱ्या मालकानं करायचं होतं. मला हा या गाडीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. काँक्लिनच्या छतावरच्या बागेपेक्षा तर नक्कीच.

आता ही गाडी आपल्याकडे आली आहे. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात गाडी आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींचा विचार आहे आणि तो योग्य आहे. गाडी पैसे टाकले की तयार होते. तळ आखायला मात्र माती बघावी लागते. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे आणि भाद्रपदातली सगळी फुलं त्या थरावर उभी आहेत. माइनेके यांनी रेडवूडच्या मुळाशी जे पाहिलं ते तिथे व्हायला वर्षंही लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हाळ्याची. आपल्याकडे कॅराव्हॅन सहसा ड्रायव्हरसकट मिळते, बरोबर मदतनीसही असतो. म्हणजे आपण पुन्हा स्टेबल्सच्या काळात जाऊन बसलो. फरक इतकाच की आपल्या देशात मैल्याचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या जात बघून माणसांवर लादलं गेलं, आणि हातानं मैला उचलायला लावणं बंद व्हावं म्हणून १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले. सहलीची गाडी त्या जुन्या वाटेनं जाता कामा नये. प्रत्येक कॅराव्हॅन पार्कमध्ये टाकी सोडायची पक्की जागा, तिथे धुण्याचं पाणी आणि खाली सांडपाणी शुद्ध करायची सोय असलीच पाहिजे, आणि नळी धरायची पाळी गाडी घेणाऱ्यांची असली पाहिजे.

तेव्हा मित्रांबरोबर भंडारदऱ्याला किंवा कोकण किनाऱ्याला अशी गाडी घेऊन जायचा बेत असेल, तर बुकिंग करताना बिछाने किती हे नंतर विचारा. रात्री गाडी नेमकी कुठे उभी राहणार, टाकी कुठे रिकामी होणार आणि ती कोण करणार, हे आधी विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर ती गाडी घेऊ नका.