जिम ग्रे : हिशेब अर्ध्यावर न सोडणारा अभियंता

एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर ती रक्कम कोणाची? बँकांचे व्यवहार संगणकावर येऊ लागले तेव्हा हा प्रश्न बिकट होता. त्याचे भक्कम उत्तर शोधणाऱ्यांत जिम ग्रे यांचे नाव अग्रभागी आहे.

ग्रे यांचा जन्म १९४४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९६९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली, कोष्टकांच्या रूपात माहिती साठवण्याची कल्पना तेथे ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पातून आकार घेत होती. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्यवहार’ या संकल्पनेला शास्त्रीय रूप दिले. व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, हे त्याचे मूळ सूत्र. त्यासाठी कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची नोंद करून ठेवायची. पेढीवरील दिवाणजी आधी रोजकीर्द लिहीत आणि मग तिच्यावरून खतावणी करीत, तसाच हा क्रम. यंत्र बंद पडले तरी नोंदीवरून हिशेब पुन्हा उभा राहतो.

माहिती अनेक संगणकांवर विखुरलेली असेल, तर अडचण वाढते. त्यावरील दोन टप्प्यांची रीत ग्रे यांनी १९७८ मध्ये विस्ताराने मांडली. प्रथम प्रत्येक संगणकाला ‘तयार आहेस काय?’ असे विचारायचे. सर्वांचा होकार आला तरच व्यवहार कायम करायचा. एकाचाही नकार आला, तर सर्वांनी तो रद्द करायचा.

१९८० मध्ये ते टँडेम कंपनीत गेले. अखंड चालणारे संगणक ही तिची ख्याती. तरीही यंत्रे का थांबतात, याचा त्यांनी १९८५ मध्ये अभ्यास केला. यंत्रभागांच्या बिघाडापेक्षा देखभालीतील मानवी चुका आणि आज्ञावलीतील दोष यांचा वाटा मोठा आढळला. १९९८ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक लाभले. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना पृथ्वीची हवाई व उपग्रहीय छायाचित्रे, तसेच आकाशाच्या सर्वेक्षणाची माहिती सामान्य माणसालाही खुली करण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

२८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते शिडाच्या नौकेतून एकटेच फॅरॅलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोध घेतला. सहकाऱ्यांनी उपग्रहाकडून समुद्राची छायाचित्रे मिळवली आणि त्यांचे लहान लहान तुकडे करून हजारो स्वयंसेवकांत वाटले. प्रचंड माहिती अनेकांत विभागून हाताळण्याची जी विद्या ग्रे यांनी आयुष्यभर जोपासली, तीच त्यांच्या शोधासाठी वापरली गेली. परंतु नौकेचा मागमूस लागला नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.

दूरच्या शहरात नोकरी करणारा मुलगा आज गावी आईला पैसे पाठवतो. ते वाटेत अडकले, तरी नोंदींवरून त्यांचा माग काढता येतो. ग्रे यांच्या पिढीने घालून दिलेली ही शिस्त त्या दोघांच्याही नकळत रोज काम करीत असते.