मंडालेची छायाचित्रे

थिबा राजा आपल्या गावी तीस वर्षे राहिला. त्यामुळे त्याच्या लहरींच्या नि माणकांच्या गोष्टी रत्नागिरीत घरोघर ऐकावयास मिळतात. परंतु ज्या नगरीतून त्याला उचलून आणले, ती पडल्यावर कशी दिसत होती, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आज तीच करावयाची आहे. आणि सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने म्हणा, तिला छायाचित्रांचा पुरावा आहे.

पडलेल्या शहराची छायाचित्रे घेण्याची रीत आपल्या देशाने पाहिली ती सत्तावन्नच्या युद्धात. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ परत घेतले आणि फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार तेथे पोचला. त्या काळी ओल्या काचेवर चित्र उमटवीत. त्याला काही सेकंद लागत, नि तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला. म्हणून बिआतोच्या चित्रांत पडक्या भिंती आहेत, आणि सिकंदरबागेच्या अंगणात पसरलेली हाडे आहेत. तेथील लढाई नोव्हेंबर १८५७ ची! काही महिन्यांनंतर ती हाडे चित्रासाठी मुद्दाम उघडी केली होती, हे एका इंग्रज अधिकाऱ्याच्याच आठवणींवरून कळते.

मंडालेत पडझड नव्हती. मिंडोन राजाने ही राजधानी वसविली तीही १८५७ तच. २८ नोव्हेंबर १८८५ रोजी जनरल प्रेंडरगास्टची फौज आली, तेव्हा शहर लढलेच नाही. दुसऱ्या दिवशी थिबा आणि राणी सुपयालत यांना बैलगाडीतून इरावतीच्या काठी नेऊन आगबोटीत बसविले. मागे सागवानी राजवाडा जसाच्या तसा उभा राहिला. त्याची चित्रे घेतली कर्नल हूपर याने. हा मद्रासच्या सैन्यातला. तिकडच्या १८७६-७८ च्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून त्याने चित्रे घेतली होती. मंडालेत तो लष्करी पोलिसांचा मुख्य होता, म्हणजे देहदंडाची अंमलबजावणी त्याच्याकडे.

येथे यंत्राचा भाग ध्यानात घ्यावा लागतो. एव्हाना कोरडी काच निघाली होती आणि क्षणार्धात चित्र उमटू लागले होते. बिआतोला मेलेल्यांवर भागवावे लागले. हूपरला मरणारा माणूस टिपता येत होता. राज्य खालसा झाल्यावर जे ब्रह्मी लोक शस्त्र घेऊन उठले, त्यांना ‘डाकू’ ठरवून गोळ्या घालीत. जानेवारी १८८६ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’च्या बातमीदाराने लिहिले की, काच नीट बसेपर्यंत हूपर गोळीबाराचा हुकूम रोखून धरतो. भिंतीशी उभ्या केलेल्या माणसाला ते काही क्षण किती लांबले असतील? पार्लमेंटात प्रश्न निघाले, चौकशी झाली, हूपरला ठपका मिळाला. पुढे १८८७ त त्याचा शंभर चित्रांचा संग्रह छापून निघाला तो निघालाच.

थिबा एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आला. येथला राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये. त्या वेळी आपल्या गावी जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, हा एक विलक्षण अदलाबदलीचा योग. डिसेंबर १९१६ मध्ये राजा येथेच वारला.

मंडालेचा तो सागवानी राजवाडा मार्च १९४५ मध्ये इंग्रज-जपान्यांच्या लढाईत जळून गेला. आज तेथे उभा आहे तो मागाहून बांधलेला. मूळ वाडा कसा होता हे पाहावयाचे, तर हूपरचाच संग्रह उघडावा लागतो. त्याच संग्रहात ती भिंतही आहे, आणि तिच्यासमोर बंदुका रोखलेली शिपायांची रांग.