रझा–खन्ना पत्रव्यवहार

सय्यद हैदर रझा (1922–2016) आणि कृशन खन्ना (जन्म 1925) या चित्रकारांमधला दीर्घ पत्रव्यवहार. रझांची कागदपत्रे दिल्लीच्या रझा फाउंडेशनकडे आहेत.

मैत्रीचे मूळ मुंबईत. नागपूरच्या कलाशाळेतून आलेले रझा 1947 मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक झाले. फाळणीत लाहोर सुटलेले खन्ना ग्रिंडलेज बँकेत नोकरी करत आणि उरल्या वेळात रंगवत. थोड्याच दिवसांत तेही या मंडळींत मिसळले. 1950 मध्ये रझा शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेले आणि तिथेच रमले. मग उरला टपालाचा आधार.

चित्रकारांची पत्रे म्हणजे निव्वळ कलाचिंतन, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची इथे फसगत होईल. प्रदर्शने, पैशांची ओढाताण, मित्रांची ख्यालीखुशाली असा सगळा प्रपंच त्यांत आहे.

दोघांच्या वाटा मात्र निराळ्या. रझा निसर्गचित्रांकडून बिंदूकडे वळले; खन्नांनी माणूस सोडला नाही, लग्नाच्या वरातीतले बँडवालेही त्यांच्या कॅनव्हासवर आले. 1961 मध्ये खन्नांनी बँक सोडली, तेव्हा हुसेन, गायतोंडे आणि बाळ छाबडा दाराबाहेर त्यांची वाट पाहत उभे होते. रझा त्या वेळी सातासमुद्रापार.

दोघांची पत्रे 2013 मध्ये ‘माय डिअर’ या इंग्रजी ग्रंथात आली. प्रोग्रेसिव्ह गटाच्या अभ्यासकाने प्रदर्शनांच्या कॅटलॉगआधी ती वाचावीत.